विलापाचे स्तोत्र कसे वाचावे : वॉल्टर ब्रूगेमन यांची रीत

बायबलमधील स्तोत्रसंहिता आपल्या ख्रिस्ती घरांत सर्वांत जास्त वाचली जाते, आणि तरीही ती अर्धीच वाचली जाते. २३वे, ९१वे, १००वे आणि १२१वे स्तोत्र अनेकांना पाठ असते. लग्नाच्या आदल्या दिवशी, नव्या घरात पाऊल टाकताना किंवा आजाऱ्याच्या उशाशी बसून तीच म्हटली जातात. ८८वे किंवा १०९वे स्तोत्र मात्र पाठ असणे सोडाच, रविवारच्या उपासनेत शेवटचे केव्हा ऐकले हेही कुणाला आठवत नाही. दीडशे स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्तोत्रे तक्रारीची, आक्रोशाची किंवा विलापाची आहेत, आणि आपण ती नेमकी ओलांडून जातो. ती न ओलांडता कशी वाचावीत, हे मी ज्यांच्या लेखनातून शिकलो त्या वॉल्टर ब्रूगेमन यांची रीत येथे पायरीपायरीने मांडत आहे. एकट्याने वाचणाऱ्याला ती उपयोगी पडेल, आणि घरगुती प्रार्थना सभा चालवणाऱ्याला कदाचित अधिकच.

ब्रूगेमन हे जुन्या कराराचे अमेरिकन अभ्यासक. त्यांचा जन्म १९३३ साली नेब्रास्का राज्यातील टिल्डन येथे झाला आणि ५ जून २०२५ रोजी वयाच्या ९२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वडील जर्मन वळणाच्या इव्हँजेलिकल मंडळीचे पाळक होते, आणि ते स्वतःही दीक्षित सेवक होते. न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत जेम्स म्यूलेनबर्ग यांच्या हाताखाली त्यांनी शिक्षण घेतले, १९६१ पासून पंचवीस वर्षे सेंट लुईसजवळच्या ईडन सेमिनरीत अध्यापन केले, आणि १९८६ ते २००३ या काळात जॉर्जियातील डिकेटर येथील कोलंबिया सेमिनरीत ते शिकवत होते. संदेष्ट्यांवरील त्यांचे १९७८चे पुस्तक जगभरच्या पाळकांनी वाचले. सत्ता आधी माणसांची दुःख करण्याची शक्ती बधिर करते, आणि म्हणून संदेष्ट्याचे पहिले काम रडणे हे आहे, असे त्यांनी त्यात यिर्मया संदेष्ट्याच्या आधाराने दाखवले होते. विलापस्तोत्रांबद्दलचे त्यांचे म्हणणे याच मुळातून फुटले आहे.

म्यूलेनबर्ग यांचा आग्रह असा की, मजकुरामागचा इतिहास शोधण्याआधी समोरचे शब्द पाहावेत : कोणता शब्द पुन्हा येतो, कोण कोणाशी बोलतो, बोलणे कोठे वळते. ब्रूगेमन यांनी हा धडा आयुष्यभर गिरवला, आणि पुढे सांगितलेल्या पायऱ्यांपैकी बऱ्याच त्याच्याच आहेत. त्या करण्यासाठी जुन्या कराराची मूळ भाषा इब्री (हिब्रू) यावीच लागते असे नाही. पेन्सिल हवी, अर्धा तास हवा, आणि मराठी बायबलची दोन भाषांतरे शेजारी उघडलेली असली तर उत्तम. बहुतेकांकडे बायबल सोसायटीचे पवित्र शास्त्र असतेच. त्याच्या जोडीला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल ठेवावे, किंवा इब्री आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी केलेले सोप्या मराठीतील भाषांतर मिळाले तर ते ठेवावे. जेथे दोन भाषांतरे वेगवेगळा शब्द वापरतात, तेथे मूळ शब्द एका मराठी शब्दात मावलेला नाही असे समजावे आणि तेथे थांबावे.

घडी ओळखणे

पहिले काम म्हणजे हाती घेतलेले स्तोत्र जीवनाच्या कोणत्या अवस्थेतून बोलते आहे हे ओळखणे. जर्मन अभ्यासक हेर्मान गुंकेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी स्तोत्रांचे प्रकार पाडले होते : स्तुतीची, विलापाची, उपकारस्तुतीची, राजाची, आणि असेच पुढे. ब्रूगेमन यांनी हे प्रकार नाकारले नाहीत. फक्त फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल रिकर यांच्याकडून एक कल्पना घेऊन त्यांनी प्रश्न बदलला. हे स्तोत्र कोणत्या प्रकारचे आहे, याच्या जोडीने त्यांनी असे विचारले की हे स्तोत्र माणसाच्या आयुष्यात कोणते काम करते. १९८०च्या एका निबंधात आणि पुढे १९८४च्या पुस्तकात त्यांनी तीन अवस्था मांडल्या. इंग्रजीतील त्यांची नावे जडशीळ आहेत, पण आपल्या भाषेत त्यांना आयताच शब्द आहे : घडी. संसाराची घडी बसलेली असते, ती विस्कटते, आणि पुढे कधीतरी नवी घडी बसते.

बसलेल्या घडीची स्तोत्रे शांत असतात. १ले स्तोत्र सांगते की नीतिमान मनुष्य पाण्याच्या प्रवाहाजवळ लावलेल्या झाडासारखा असतो. १०४थे सृष्टीचा क्रम न्याहाळते. १३३वे भावांनी एकत्र राहण्यातला गोडवा सांगते. त्यांत कोणताही प्रश्न नसतो. विस्कटलेल्या घडीची स्तोत्रे म्हणजे १३वे, ३५वे, ७४वे, ८८वे, १०९वे, १३७वे आणि त्यांच्यासारखी. नव्या घडीच्या स्तोत्रांत आनंद असतो, पण तो मार खाऊन आलेल्या माणसाचा आनंद असतो. ३०वे स्तोत्र रात्री मुक्कामाला आलेल्या रडण्याची आठवण ठेवूनच सकाळच्या हर्षाबद्दल बोलते.

येथे एक चूक सर्वांकडून होते, माझ्याकडूनही वर्षानुवर्षे झाली. २३वे स्तोत्र आपण बसलेल्या घडीचे समजतो : हिरवी कुरणे, संथ पाणी, भरलेला प्याला. ब्रूगेमन यांनी ते नव्या घडीच्या स्तोत्रांत ठेवले आहे. कारण समजून घ्यायचे असेल तर पेन्सिल घेऊन सर्वनामांखाली रेघा ओढाव्यात. पहिल्या तीन वचनांत मेंढपाळ ‘तो’ आहे : तो निजवतो, तो नेतो, तो जिवाला तजेला देतो. चौथ्या वचनात दरी लागते, आणि नेमके तेथेच ‘तो’ जाऊन ‘तू’ येतो. हिरव्या कुरणात देवाविषयी बोलणारा माणूस अंधारात देवाशी बोलू लागतो. पुढे ताट वाढले जाते तेही वैऱ्यांच्या देखत, म्हणजे वैरी अजून गेलेले नाहीत. हे एवढे दिसले की हे स्तोत्र अंत्यविधीला का शोभते ते कळते, आणि लग्नपत्रिकेवर छापताना हात किंचित थबकतो.

१३वे स्तोत्र, हळूहळू

रीत शिकण्यासाठी १३वे स्तोत्र सर्वांत सोयीचे आहे, कारण त्यात सहाच वचने आहेत आणि विलापस्तोत्राचे सगळे अवयव त्या सहांत बसले आहेत. प्रथम ते मोठ्याने वाचावे. मनातल्या मनात वाचले तर डोळे शेवटच्या आनंदाच्या ओळीकडे पळतात. मोठ्याने वाचले तर जिभेला प्रत्येक शब्दावरून जावेच लागते.

दुसऱ्या वाचनात पहिल्या दोन वचनांतील ‘कोठवर’ हा शब्द मोजावा. मूळ इब्रीत तो चार वेळा येतो. पहिले दोन ‘कोठवर’ देवाला उद्देशून आहेत : तू मला विसरणार, तू तोंड लपवणार. तिसरा स्वतःविषयी आहे : मी मनात किती दिवस खल करीत बसू. चौथा शत्रूविषयी आहे : त्याने माझ्यावर किती काळ वरचढ राहावे. देव, मी आणि तो, अशी तिघांची नावे तक्रारीत घेतली गेली आहेत, आणि क्रम महत्त्वाचा आहे. आपण प्रार्थनेत बहुधा उलट क्रमाने जातो. शेजारी, नातेवाईक, साहेब यांच्याबद्दल बोलतो, मग स्वतःच्या अशक्तपणाबद्दल, आणि देवाला या प्रकरणातून सन्मानाने वगळतो. स्तोत्रकर्ता आरोपाची सुरुवातच देवापासून करतो.

तिसऱ्या वचनात बोलणे मागणीकडे वळते, आणि मागणी गुळमुळीत नाही. तीन आज्ञार्थ आहेत : पाहा, उत्तर दे, माझे डोळे उजळ. ब्रूगेमन यांचे लक्ष विलापस्तोत्रांतील या आज्ञार्थांकडे नेहमी असे, कारण देवाला आज्ञार्थात बोलणे म्हणजे नाते अजून जिवंत आहे असे गृहीत धरणे होय; ज्याच्याशी संबंध संपला त्याच्याकडे कोणी हक्काने काही मागत नाही. त्याच वचनात एक लहान संबोधन आहे ते सुटू देऊ नये. जो देव आपल्याला विसरला आहे असे हा माणूस आत्ताच म्हणाला, त्याला तो ‘माझ्या देवा’ म्हणतो. त्या ‘माझ्या’खाली पेन्सिलीची रेघ ओढावी. मागणीपाठोपाठ कारणे येतात : नाहीतर मला मृत्यूची झोप लागेल, नाहीतर शत्रू म्हणेल की मी जिंकलो. ही कारणे थोडी व्यवहारीही आहेत. मी मेलो तर तुझ्याच नावाला बट्टा लागेल असा त्यांचा सूर आहे, आणि आपल्याकडच्या भाविकाला तो मुळीच अनोळखी नसावा.

मराठी वाचकाला तर हे सगळे कमीच परके वाटायला हवे. जनाबाई विठ्ठलाला तोंडावर शिव्या घालते, तुकोबा त्याला दिवाळखोर ठरवायलाही मागेपुढे पाहत नाहीत, आणि तरी दोघेही त्याच्या दारातून हलत नाहीत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले होते. त्या पुलावरून आपण भजनाचे चाल-छंद आणले, भांडणाचा हक्क मात्र पलीकडच्या काठावरच राहिला, असे मला पुष्कळदा वाटते.

आता चौथ्या आणि पाचव्या वचनांमधली जागा. चौथे वचन संपते तेव्हा वैरी आनंदाने नाचण्याच्या बेतात आहेत. पाचवे सुरू होते तेव्हा हाच माणूस म्हणतो की मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे, आणि शेवटी गाणे म्हणतो. मध्ये काय घडले हे स्तोत्रात लिहिलेले नाही. शत्रू गेला, ताप उतरला, कर्ज फिटले, असे काहीही सांगितलेले नाही, तरीही देवाने उपकार केल्याचे क्रियापद झालेल्या गोष्टीचे आहे. योआखिम बेग्रिख या जर्मन अभ्यासकाने १९३४ साली याचे एक उत्तर सुचवले. मंदिरात विलाप ऐकल्यानंतर याजक देवाच्या वतीने ‘भिऊ नको’ असे आश्वासन देत असावा, आणि स्तोत्रातला बदल त्या न लिहिलेल्या वाक्यामुळे झाला असावा. ब्रूगेमन यांनी हा विचार पुढे नेला : बदल परिस्थितीत नाही, ऐकले गेल्यामुळे बोलणाऱ्यात झाला आहे.

हे नुसते तर्काने पटत नसेल तर १ शमुवेलचा पहिला अध्याय उघडावा. शिलो येथील मंदिरात निपुत्रिक हन्ना ओठ हलवीत रडते आहे. एली याजकाला ती प्यालेली वाटते, म्हणून तो तिला झापतो. ती शांतपणे सांगते की मी मद्य घेतलेले नाही, मी परमेश्वरापुढे आपले मन मोकळे करीत आहे. मग एली तिला म्हणतो की शांतीने जा, इस्राएलाचा देव तुझे मागणे पुरवो. ती जेवते, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहत नाही. या क्षणी तिचा पुढे होणारा मुलगा शमुवेल पोटातही नाही. घरी परतून पुढे सगळे व्हायचे आहे. झाले आहे ते एवढेच की एका माणसाने, तेही आधी गैरसमज करून घेतलेल्या माणसाने, तिचे म्हणणे पुरते ऐकून तिला एक वाक्य दिले. १३व्या स्तोत्राच्या त्या मधल्या जागेत काय असते ते यापेक्षा स्वच्छ कोठे दिसत नाही.

म्हणून वाचताना चौथ्या वचनानंतर थांबावे. घड्याळ लावून दोन मिनिटे गप्प बसावे असे मी सुचवेन, कारण घड्याळ न लावता आपण दहा सेकंदांतच पुढे सरकतो. आणि पाचवे वचन आज तोंडातून निघत नसेल तर ते आज वाचू नये. पुस्तक तेथेच मिटावे, उद्या पुन्हा पहिल्या ‘कोठवर’पासून सुरुवात करावी.

पाचव्या वचनातील ‘दया’ या शब्दाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. मूळ शब्द ‘हेसेद’ आहे, आणि ‘त्याची दया सनातन आहे’ या १३६व्या स्तोत्राच्या पालुपदात तोच आहे. आपल्या बोलण्यात दया ही वरच्याने खालच्यावर करायची गोष्ट असते. केली तर उपकार, न केली तर तक्रार करता येत नाही. हेसेद ही करारात बांधलेल्याची निष्ठा आहे, दिलेल्या शब्दाला जागणे आहे. भिकाऱ्याला ‘कोठवर’ विचारता येत नाही, पण ज्याला शब्द दिलेला आहे त्याला विचारता येते. ब्रूगेमन यांच्या मांडणीतील सगळे वजन या फरकावर तोललेले आहे.

ज्या स्तोत्रांत वळण नाही

१३वे पचले की ८८व्याकडे जावे, त्याआधी नाही. त्यात १३व्यातल्या पाचव्या वचनासारखे वळण येतच नाही. स्तोत्रकर्ता तीन वेळा सांगतो की मी तुला हाक मारतो : पहिल्या वचनात रात्रंदिवस, नवव्यात प्रतिदिवशी, तेराव्यात सकाळी. तिन्ही हाकांना उत्तर नाही, आणि इब्रीत स्तोत्राचा अगदी शेवटचा शब्द ‘अंधार’ असा आहे. हे वाचताना दोन मोह आवरावेत. एक, लगेच ८९वे स्तोत्र सुरू करून तोंडाची कडू चव घालवण्याचा. दुसरा, येशूच्या पुनरुत्थानाचे वचन शेवटी जोडून स्तोत्राला बरे करण्याचा. ते स्तोत्र पवित्र शास्त्रात जसे ठेवले गेले तसे आपणही ठेवावे. इतके मात्र लक्षात घ्यावे की अंधार पसरल्यावरही बोलणे त्याच एका पत्त्यावर जात आहे.

सूडाच्या स्तोत्रांबाबत अधिक काळजी लागते. १३७वे स्तोत्र बाबेलच्या नद्यांकाठी सुरू होते, आणि त्याची पहिली काही वचने इतकी सुरेल आहेत की सभेत वाचणारा बहुधा सहाव्या वचनानंतर पुस्तक मिटतो. कारण नवव्या वचनात बाबेलची बालके खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटले आहे. ते वगळून वाचावे असे ब्रूगेमन म्हणत नाहीत, आणि ते चांगले आहे असेही म्हणत नाहीत. इ.स.पू. ५८७ मध्ये बाबेलच्या हातून ज्यांचे यरुशलेम शहर जळाले, ज्यांची लेकरे डोळ्यांदेखत मारली गेली, त्यांच्या तोंडचे हे शब्द आहेत. वाचताना दोन गोष्टी एकामागून एक कराव्यात असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. प्रथम, हा संताप माझ्यातही आहे हे मान्य करावे. माझ्यात असे काही नाहीच, असे म्हणणाऱ्याचा संताप दुसऱ्या वाटेने बाहेर पडतो. मग तो संताप देवाच्या हाती सोपवावा. १०९व्या स्तोत्रात शिव्याशापांची रांग लागली आहे, पण बोलणारा स्वतः दगड उचलत नाही. शिक्षेचा अधिकार तो देवाकडे देऊन मोकळा होतो. ज्याच्याविषयी बोलायचे त्याच्यासमोर हे स्तोत्र म्हणू नये, आणि मंडळीतील वाद मिटवण्याच्या बैठकीत तर मुळीच काढू नये, एवढा माझा पदरचा सल्ला.

दुःखाच्या घरी

ही रीत सर्वांत जास्त कामाची ठरते ती सांत्वनाला जाताना. काही वर्षांपूर्वी एका घरी तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेला मी गेलो होतो. विशीतला मुलगा अपघातात गेला होता. चारजण प्रार्थनेला उभे राहिले, त्यांतला एक मी. चौघांनीही देवाचे आभार मानले : दिलेल्या आयुष्याबद्दल, स्वर्गाच्या आशेबद्दल, कुटुंबाच्या धीराबद्दल. चहाचे कप गोळा करताना त्याची आई मला हळूच म्हणाली, ‘मला देवाशी भांडायचं होतं हो, आणि तुम्ही सगळे आभारच मानत राहिलात.’ पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो आणि १३वे स्तोत्र वाचले. चौथ्या वचनापाशी थांबलो. ती बोलू लागली ते तासभर बोलत होती. पाचवे वचन त्या दिवशी आम्ही वाचले नाही.

ब्रूगेमन यांनी १९८६ साली लिहिलेल्या एका निबंधात याच हानीचा हिशेब मांडला आहे. उपासनेतून विलाप गेला की दोन गोष्टी जातात, असे ते म्हणतात. एक, देवाशी खरा करार उरत नाही, कारण एका बाजूला फक्त होकार देण्याची मुभा असेल तर तो करार नव्हे. येथे त्यांनी डोनाल्ड विनिकॉट यांच्यासारख्या बालमानसतज्ज्ञांच्या विचारांचा आधार घेतला आहे : ज्या बाळाच्या रडण्याला आई प्रतिसाद देते त्याला आपण कोणी आहोत हे कळते, ज्याला सतत आईच्या मर्जीप्रमाणेच हसावे लागते ते एक खोटा चेहरा घडवून त्यामागे राहू लागते. दुसरे, न्यायाचा प्रश्न विचारण्याची सवय मोडते. देवाच्या सिंहासनापुढे ‘हे बरोबर नाही’ म्हणायला जी मंडळी विसरली, ती तहसील कचेरीत आणि कारखान्याच्या दारातही ते म्हणायला विसरते. पहिला मुद्दा पाळकांना लवकर पटतो. दुसऱ्यावर सभेत सहसा शांतता पसरते.

सांत्वनाला जाताना स्तोत्र आधी निवडून जावे, पण घरात पाऊल टाकल्यावर ते बदलण्याची तयारी ठेवावी. लांब आजारानंतर समाधानाने गेलेल्या वृद्धाच्या घरी ८८वे वाचणे जितके चूक, तितकेच आत्महत्या झालेल्या घरी १२१वे वाचून उठणे चूक. वाचणाऱ्याने समजावून सांगू नये. शक्य असेल तर घरातल्याच कोणाला विचारावे की यातले कोणते वाक्य तुमचे आहे. बहुधा एकच वाक्य सांगितले जाते, आणि तेवढे पुरे असते. ‘देवाची इच्छा’ हे शब्द पाहुण्याने उच्चारू नयेत. घरच्यांनी उच्चारले तर मान्य करावेत, खोडू नयेत.

उपासनेत विलाप परत आणायचा असेल तर एकदम मोठा बदल करू नये. उपवासकाळातील पाच-सहा रविवार ही सोयीची सुरुवात आहे. दर रविवारी एक विलापस्तोत्र मंडळीने दोन गटांत आळीपाळीने वाचावे, आणि मागण्यांच्या प्रार्थनेत ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ हा प्रतिसाद ठेवावा. उत्तम शुक्रवारी येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर संदेश देण्याची प्रथा आपल्याकडे अनेक मंडळ्यांत आहेच. त्यांतील चौथा उद्गार, ‘एली, एली, लमा सबख्थनी’ (माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास), हे २२व्या स्तोत्राचे पहिले वचन आहे. येशूच्या तोंडून ते आपण दरवर्षी ऐकतो आणि हळहळतो. ते स्तोत्र संपूर्ण वाचून स्वतःच्या तोंडी घेण्याची मुभा त्या दिवशी मंडळीला दिली, तर पुष्कळ काम होईल.

रीतीच्या मर्यादा

तीन घड्यांची ही मांडणी फार सुबक आहे, आणि सुबक मांडणीचा एक धोका असतो : आपण स्तोत्राला कप्प्यात टाकून निश्चिंत होतो. ब्रिटिश अभ्यासक जॉन गोल्डिंगे यांनी १९८१ सालीच दाखवून दिले की हा प्रवास सरळ रेषेत नसून फिरत राहतो, आणि एकच स्तोत्र वेगवेगळ्या वळणांवर वेगवेगळे काम करते. १०३रे स्तोत्र सुखात असताना नेहमीची स्तुती असते, आणि इस्पितळातून घरी आलेल्या माणसाच्या तोंडी नवी घडी. स्वतः ब्रूगेमनही या मांडणीला सैलपणे हाताळावे असेच सांगत. कप्पा ठरवता येत नसेल तर तो न ठरवताच पुढे जावे; रेघा सर्वनामांखाली ओढायच्या आहेत, स्तोत्रावर शिक्का मारायचा नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्याची घडी आज बसलेली आहे त्याला विलापस्तोत्र वाचताना अपराधी वाटण्याचे कारण नाही. ज्याची आज विस्कटली आहे अशा दुसऱ्या कोणासाठी त्याने ते वाचावे, आणि त्या माणसाचे नाव मनात धरावे.

शेवटची पायरी लिहिण्याची आहे. ब्रूगेमन वर्गाच्या सुरुवातीला प्रार्थना करीत, आणि ती आयत्या वेळी सुचेल तशी न करता लिहून आणीत. अशा प्रार्थनांचा संग्रह २००३ साली निघाला. आपणही १३व्या स्तोत्राचा सांगाडा घेऊन स्वतःचे सहा वचनांचे स्तोत्र लिहावे. पहिल्या दोन वचनांत चार ‘कोठवर’, आणि ते नेमके : ‘दुःख कोठवर’ असे मोघम लिहिण्याऐवजी मुलाच्या नोकरीसाठी कितवा अर्ज, आईच्या डायलिसिसचा कितवा महिना, हे लिहावे. तिसऱ्यात तीन आज्ञार्थ. चौथ्यात कारण, आणि ते थोडे व्यवहारी असले तरी चालेल. त्यानंतर ओळ कोरी सोडावी. पाचवे आणि सहावे वचन सुचेल तेव्हा लिहावे; माझ्या वहीत एक स्तोत्र तीन वर्षे चार वचनांचेच होते.

बायबलच्या समासात, ज्या वचनापाशी थांबलो तेथे, पेन्सिलीने तारीख टाकावी. पेनने टाकू नये, कारण पातळ कागदावर शाई मागच्या पानावर उतरते, आणि १३व्या स्तोत्राच्या मागेच पुढची स्तोत्रे आहेत, ती पुढे कधीतरी वाचायची असतात.